कोटेशनमधली सर्वांत लहान ओळ

वेबसाइटच्या कोटेशनमध्ये शेवटच्या पानावर एक ओळ असते : 'तंत्रज्ञान – पीएचपी, मायएसक्यूएल'. कधी 'पायथन, जँगो', कधी आणखी काही. क्लायंट आधी रकमेपाशी थांबतो, मग मुदत बघतो, मग हप्ते किती आणि कधी ते विचारतो. या ओळीवर कुणी बोट ठेवल्याचं मला आठवत नाही. पण पुढच्या पाच-सात वर्षांत त्या क्लायंटचं आणि आमचं जे बरंवाईट होणार असतं, त्यातलं बरंचसं या ओळीनं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मी कोल्हापुरात वेबसाइटी आणि वेबवर चालणारी लहान सॉफ्टवेअर करून देतो. आमचे क्लायंट म्हणजे गोकुळ शिरगाव आणि शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्या आणि मशिन शॉप, मार्केट यार्डातले व्यापारी, काही शाळा, एक-दोन पतसंस्था, पुण्याकडचा एखादा प्रकाशक. आमच्या कुठल्याच साइटवर दिवसाला लाखभर माणसं येत नाहीत. काहीशे आली तरी मालक खूश असतो. त्यामुळे कुठली भाषा सेकंदाला किती विनंत्या पेलते, या विषयावर जी घमासान चर्चा चालते ती मी आवडीनं ऐकतो आणि तिथंच सोडून देतो. आमच्यासमोर वेगाचा प्रश्न फारसा येतच नाही. दुसरे येतात.

त्यातला पहिला प्रश्न एका फाउंड्रीच्या मालकांनी मला पहिल्याच भेटीत विचारला होता. मी उत्साहानं फ्रेमवर्क, सुरक्षितता वगैरे समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते तुमचं काय असंल ते असू दे. सोमवारी सकाळी बंद पडली तर फोन कोण उचलणार, तेवढं सांगा."

त्यांच्या या विचारण्याला कारण होतं. त्यांची आधीची साइट बाहेरच्या एका कंपनीनं करून दिली होती. दिसायला देखणी. कास्टिंगचे फोटो, वजनं, ग्रेड आणि ग्राहकाला हीट नंबर टाकून टेस्ट सर्टिफिकेटची पीडीएफ उतरवून घ्यायची सोय, एवढाच तिचा जीव. पण बांधणी अशी, की समोरचा भाग रिअॅक्टमध्ये, मागे नोडमधल्या तीन वेगवेगळ्या सेवा, डेटाबेस तिसऱ्याच परदेशी कंपनीकडे आणि फोटो चौथीकडे. प्रत्येकीचं बिल डॉलरमध्ये आणि ते सगळं मालकांच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेनं कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी नवा नियम लागू केला. ग्राहकानं आधी रीतसर मंजुरी नोंदवल्याशिवाय पैसे कापता येणार नाहीत आणि पाच हजारांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागेल. (पुढे जून २०२२मध्ये ही मर्यादा पंधरा हजार झाली.) नियम ग्राहकाच्या हिताचा होता, पण परदेशी सेवांची बिलं त्या सुमारास पटापट नाकारली जाऊ लागली. फाउंड्रीचा डेटाबेस असाच एके दिवशी बंद झाला. सूचनेच्या मेल जात होत्या त्या आधीच्या कंपनीतून कधीच सोडून गेलेल्या एका मुलाच्या पत्त्यावर. पुण्यातला ग्राहक सर्टिफिकेटसाठी फोन करत होता आणि गाडी गेटवर थांबली होती.

मी तो सगळा कोड वाचला. खरं सांगायचं तर कोड वाईट नव्हता. लिहिणारा मुलगा हुशार असणार. पण त्यानं ज्या अडचणींची सोय करून ठेवली होती त्या या फाउंड्रीला कधी येणारच नव्हत्या, आणि ज्या येणार होत्या त्यांची सोय कुठंच नव्हती. आम्ही ते सगळं लॅरावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये एकाच जागी आणलं. एक डेटाबेस, एक सर्व्हर, रुपयांत बिल, बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर. त्यांच्या अकाउंटंटना सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल तर त्या जीएसटी नंबरचा.

पीएचपीला नावं ठेवणं ही आमच्या धंद्यातली जुनी करमणूक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. रासमुस लेरडॉर्फनं १९९४ साली स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी काही साधनं लिहिली, १९९५मध्ये ती सर्वांसाठी खुली केली आणि त्यांतून भाषा वाढत गेली. आधी आराखडा काढून मग बांधलेलं हे घर नाही. फंक्शनांच्या नावांत कुठं अधोरेष आहे, कुठं नाही. शोधायची गोष्ट आधी द्यायची की जिथं शोधायचं ते आधी, हे इतक्या वर्षांनीही मला पाहून घ्यावं लागतं. पण या भाषेत एक गुण आहे जो लहान क्लायंटच्या फार कामाचा आहे. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक विनंती कोरी सुरू होते, आपलं काम करते आणि संपते. एका पानात चूक झाली तर ते पान पांढरं दिसतं. बाकीची साइट चालू राहते. सतत जिवंत राहणारा प्रोग्रॅम सांभाळायला कुणीतरी जागं लागतं. तो मेला की उठवायचा, मेमरी वाढत चालली की बघायचं, रात्री कुणी सर्व्हर रीस्टार्ट केला तर तो परत आपोआप उभा राहील याची तजवीज करायची. हे अवघड मुळीच नाही, पण ते करणारा माणूस आहे का, हा प्रश्न आहे. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर पीएचपी आयती बसवलेली मिळते, सी-पॅनेल उघडून फाइल टाकली की काम झालं. ही सोय कितीतरी दुकानदारांना इंटरनेटवर घेऊन आली.

अर्थात अशा होस्टिंगवर लॅरावेल बसवताना थोडी कसरत होते. लॅरावेलला त्याचा फक्त 'पब्लिक' फोल्डर जगासमोर ठेवायचा असतो, बाकी सगळं मागे. काही महाभाग घाईत सगळंच उघड्या फोल्डरात टाकतात आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल ब्राउझरमध्ये उघडते. दुसऱ्यांकडून आमच्याकडे आलेल्या साइटी तपासताना आम्ही आधी हेच बघतो.

लॅरावेलच्या आधी आम्ही कोडइग्नायटर वापरायचो. २००६ साली आलेलं हे फ्रेमवर्क लहान, सुटसुटीत, एका दुपारी समजेल असं होतं. २०१३मध्ये ते बनवणाऱ्या एलिसलॅब कंपनीनं जाहीर केलं, की आम्हाला हे पुढं न्यायला नवा धनी हवा आहे. कोल्हापुरात बसून ती बातमी वाचताना मला जे वाटलं त्याला काळजी म्हणणंच बरोबर. आमच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या मालकीचं होतं, आणि तो घर सोडायला निघाला होता. २०१४मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं त्याची जबाबदारी घेतली. चौथी आवृत्ती २०२०मध्ये आली, पण ती इतकी नव्यानं लिहिलेली होती, की तिसरीवरून चौथीवर जायचं म्हणजे जवळपास पुन्हा लिहायचं. पुन्हाच लिहायचं तर मग लॅरावेलमध्येच का नको, असा आम्ही विचार केला. टेलर ऑटवेलनं २०११ साली लॅरावेल आणलं तेव्हा कोडइग्नायटरमध्ये जे जे हाताने करावं लागे, म्हणजे लॉगिन वगैरे, ते त्यानं आयतं दिलं होतं. त्याची कागदपत्रं इतकी स्वच्छ इंग्रजीत लिहिलेली आहेत, की मराठी माध्यमातून आलेला पोरगासुद्धा ती वाचून आठ-पंधरा दिवसांत हाताशी येतो. फ्रेमवर्क निवडताना मी आता त्याची कागदपत्रं आधी वाचतो, त्यातल्या सोयी नंतर.

पोरांचा विषय निघालाच आहे तर तोच या निवडीतला सर्वांत मोठा भाग आहे. आमच्याकडे येणारी मुलं बीसीए, बीसीएस, एमसीए झालेली असतात. कागल, गारगोटी, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशा ठिकाणांहून येतात. आमच्याकडे वर्ष-दोन वर्षं काढतात आणि मग हिंजवडीला किंवा बेंगळुरूला जातात. जावंच. मी कुणाला थांबवलं नाही आणि थांबवूही नये. तिथं मिळणारा पगार मी देऊ शकत नाही. पण याचा अर्थ असा, की आज जो कोड लिहितोय तो उद्या दुसरंच कुणीतरी वाचणार हे पहिल्या दिवसापासून पक्कं असतं. मग प्रश्न असा होतो : कोल्हापुरात पुढच्या महिन्यात जाहिरात दिली तर ही भाषा येणारे किती जण अर्ज करतील? पीएचपीला ढीगभर येतात, त्यातले बरेच कच्चे असतात, पण निवडायला मिळतं. पायथनला आता बरेच येतात. त्यांच्यातल्या अनेकांना मशिन लर्निंग करायचं असतं आणि वेबसाइट म्हटलं की चेहरा पडतो. रूबीला कुणीच येत नाही.

आणि मला रूबीच आवडते. हे थोडं खासगी दुखणं आहे. युकिहिरो मात्सुमोतोंनी ही भाषा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून घडवली आणि १९९५ साली लोकांपुढे ठेवली. २००४मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं त्यांच्या बेसकँप या उत्पादनातून रेल्स हे रूबीचं फ्रेमवर्क वेगळं काढलं. आज लॅरावेलमध्ये, जँगोमध्ये जे सोयीचं वाटतं त्यातलं बरंच काही रेल्सनं रुळवलं, असं माझं मत आहे. आमच्या ऑफिसचा हिशेब, कुणाचं डोमेन कधी संपतं, कुणाचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कधी भरायचा, हे सगळं मी रेल्समध्ये लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमवर ठेवतो. रविवारी दुपारी त्यात काहीबाही करत बसणं ही माझी चैन आहे. पण क्लायंटच्या पैशांनी मी आजवर रेल्समध्ये काही केलेलं नाही. मला उद्या डेंग्यू झाला तर कोल्हापुरात ते उघडून बघणारा दुसरा माणूस कुठून आणायचा?

म्हणजे सगळीकडे पीएचपीच लावतो असं नाही. एका प्रकाशकांचं काम आलं तेव्हा मी कोटेशनमधली ती ओळ बदलली. त्यांच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर होता, काही युनिकोडमध्ये, बराचसा जुन्या फाँटांत टाइप केलेला. त्या जुन्या फाँटांत कळफलकावरच्या इंग्रजी अक्षरांवर मराठीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे फाँट काढला की मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची रांगोळी. ते सगळं युनिकोडमध्ये आणायचं, वाचकाला शोधता येईल असं करायचं आणि संपादकांना स्वतः अंक चढवता आले पाहिजेत.

पीएचपीत मराठी चालत नाही असं नव्हे; आमच्या कितीतरी साइटी मराठीत आहेत. पण तिथं सावध राहावं लागतं. पीएचपीचं नेहमीचं लांबी मोजणारं फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं. फंक्शन सांगतं पंधरा. बातमीचा मथळा पन्नासवर कापा असं सांगितलं, की तो कुठल्या तरी अक्षराच्या पोटात कापला जातो आणि शेवटी काळा चौकोन उमटतो. त्यासाठी वेगळी फंक्शनं आहेत, पण ती आठवणीनं वापरावी लागतात आणि नवा मुलगा विसरतो. या भाषेच्या पोटातच युनिकोड घालायचा मोठा प्रयत्न झाला होता. पीएचपी ६ ती आवृत्ती व्हायची होती. २०१०मध्ये तो नाद सोडून दिला गेला आणि सहा हा आकडाच गाळून २०१५च्या डिसेंबरात थेट सातवी आवृत्ती आली. तिकडे मायएसक्यूएलची २०१८पर्यंतची ठरीव वर्णमांडणी लॅटिन होती. डेटाबेस करताना ती बदलायला विसरलात, की मराठी मजकूर बाहेर येतो तो डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या लॅटिन अक्षरांच्या रांगा होऊन. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मराठी वेबवाल्यानं त्या रांगा बघितलेल्या आहेत आणि त्या दिसल्या की काय झालंय हे लगेच ओळखतो.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीनं २००८ साली मजकूर म्हणजे युनिकोडच असं ठरवून टाकलं. त्यापायी दुसरी आवृत्ती वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षं त्रास झाला, ती निवृत्त व्हायला २०२० उजाडलं. पण मराठीचं काम करणाऱ्याला ती शिस्त पथ्यावर पडली. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. कुणी नुक्तावाला ऱ आणि हलन्त वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. वाचक 'कोऱ्या' शोधतो आणि अंकात असलेली कविता सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन्हींना एक करत नाही, ते आपणच करावं लागतं. असे नियम लिहायला, त्यांच्या चाचण्या लिहायला आणि जुन्या फाँटांचं रूपांतर हजारो पानांवर चालवून बघायला पायथन मला बरी पडली. आणि मजकूर पायथनमध्ये सुधारायचा तर साइट पीएचपीत कशाला?

पायथनमधलं जँगो निवडण्याचं आणखी एक कारण होतं. हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकाच्या कचेरीत जन्मलं. २००५ साली ते सर्वांना खुलं झालं. वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला संपादकाचा तगादा ठाऊक असतो. म्हणून असेल, पण जँगोत मजकूर भरायचा पडदा आयता मिळतो. लेखक, अंक, लेख, प्रकार हे सांगितलं, की नोंदी करायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे फॉर्म तयार. प्रकाशकांच्या संपादक बाई साठीच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "यात मी काही बिघडवलं तर?" मी त्यांना नोंदींचा इतिहास दाखवला, कुणी कधी काय बदललं ते. दुसऱ्या आठवड्यापासून त्या मला अनुक्रमणिकेतल्या चुका कळवायला लागल्या, त्याही माझ्या नव्हे, छापील अंकातल्या.

शाळांचं काम असेल तर मी वर्डप्रेस सोडून दुसरं सुचवतही नाही. मुख्याध्यापकांना सूचनाफलक हवा असतो, निकालाची पीडीएफ हवी असते, स्नेहसंमेलनाचे फोटो हवे असतात, आणि हे सगळं टाकणार असतो ऑफिसातला एक क्लार्क, ज्याला वर्डप्रेस आधीच येतं कारण त्याच्या मेव्हण्याची साइट त्यावर आहे. २००३पासून चालत आलेल्या आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइटी ज्यावर आहेत अशा गोष्टीशी भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं असेल तर प्लगिनशी भांडावं. कुणीतरी फोटोंचा स्लायडर हवा म्हणून एक फुकटचं प्लगिन टाकतं, त्याचा कर्ता ते अर्ध्यात सोडून देतो आणि एका सकाळी शाळेच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात. आम्ही कोटेशनमध्ये प्लगिनांची यादी देतो आणि त्याबाहेरचं टाकलं तर जबाबदारी आमची नाही असं लिहितो. तरीही टाकतात.

समोरच्या भागाच्या फॅशनीबद्दल आमच्याकडे नेहमी वाद होतो. मुलांना रिअॅक्ट हवं असतं, कारण पुण्यात मुलाखतीला तेच विचारतात. त्यांचं हे सांगणं प्रामाणिक असतं आणि मी ते मनावर घेत नाही. पण क्लायंटनं तुझ्या बायोडेटाचे पैसे द्यायचे का, असं मी विचारतो आणि मग खोलीत थोडी शांतता पसरते. अँग्युलरजेएसचं काय झालं ते मी पाहिलं आहे. २०१०मध्ये गूगलनं आणलं, सगळ्यांनी उचललं. २०१६मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली ती इतकी वेगळी, की जुना कोड तिच्यात चालेना. २०२१च्या शेवटी जुनीचा आधार बंद. मधल्या काळात ज्यांनी पतसंस्थांचे, दवाखान्यांचे पडदे त्यात बांधले होते त्यांना क्लायंटपुढे उभं राहून सांगावं लागलं, की चालू असलेली वस्तू पुन्हा करायची आहे. चालू असलेल्या वस्तूसाठी माणूस पुन्हा पैसे का देईल?

पण एका कामात मुलांचं म्हणणं बरोबर होतं. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाला सौद्याच्या वेळीच नोंदी करायच्या होत्या. सौदा निघतो तेव्हा दिवाणजी रव्यांच्या थप्प्यांमधून चालत असतो. कुणाचा माल, किती रवे, कुणी घेतला, काय दर, हे सगळं चालता चालता. शेडमध्ये नेटवर्क येतं-जातं. प्रत्येक नोंदीला सर्व्हरकडे जाऊन यायचं म्हटलं तर पुढच्या थप्पीचा सौदा होऊनही जाईल. इथं नोंद फोनमध्येच साठवायची, नेटवर्क आलं की वर पाठवायची आणि दोनदा गेली तरी एकदाच धरायची, असा बेत करावा लागला. त्यासाठी ब्राउझरमध्येच बरंच काम व्हायला हवं होतं. आम्ही व्ह्यू हे फ्रेमवर्क घेतलं, कारण ते लॅरावेलवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं आणि आमच्या मुलांना आठवड्यात जमलं. त्या व्ह्यूची दुसरी आवृत्तीही पुढं ३१ डिसेंबर २०२३ला निवृत्त झाली आणि आम्हाला तिसरीवर जावं लागलं, पण तो रस्ता चालण्यासारखा होता. मागचा भाग, हिशेब, पट्ट्या, शेतकऱ्यांची खाती, सगळं साध्या लॅरावेलमध्ये ठेवलं. नवं वापरायचं ते जिथं गरज रेटते तिथंच.

डॅन मॅकिन्ली नावाच्या एका अमेरिकन अभियंत्यानं २०१५मध्ये एक निबंध लिहिला होता. प्रत्येक कंपनीजवळ नवं काही आजमावण्यासाठी मोजकीच नाणी असतात, ती जपून खर्च करा, असं त्याचं म्हणणं. तो एटसीसारख्या मोठ्या कंपनीच्या अनुभवावरून बोलत होता. आमच्यासारख्यांच्या खिशात एखादंच नाणं असतं आणि तेही क्लायंटचं.

निवडीनंतर राहतो तो आवृत्त्यांचा प्रश्न, आणि पैशांवरून जे काही वाजतं ते इथंच. पीएचपीची ५.६ ही आवृत्ती २०१८च्या अखेरीस संपली. लॅरावेलची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी येते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं. म्हणजे काहीही निवडलं तरी दोन-तीन वर्षांनी हात लावावाच लागतो. हे पूर्वी मी कोटेशनमध्ये सांगत असे ते अशा भाषेत, की कुणालाच कळायचं नाही. फाउंड्रीच्या मालकांना एएमसीचं पत्र दिलं तेव्हा त्यांनी नेमकं तेच विचारलं, "चालू आहे ना? मग कसले पैसे?" मी सांगितलं, की आत वापरलेल्या वस्तूंची मुदत संपते, बाहेरून काही दिसत नाही, पण एकदा भोक पडलं की उशीर झालेला असतो. ते म्हणाले, "म्हणजे फर्नेसचं लायनिंग बदलायचं म्हणा की." मी म्हटलं, अगदी तेच. त्यांनी रकमेतून दहा टक्के कमी करून घेतले आणि सही केली. तेव्हापासून एमआयडीसीतल्या प्रत्येक कोटेशनमध्ये मी लायनिंग असंच लिहितो. यार्डात मात्र ते चालत नाही, तिथं अजून वाद घालावा लागतो.

आणखी एक गोष्ट आम्ही भाषेइतकीच काटेकोरपणे ठरवतो. डोमेन क्लायंटच्या नावावर आणि त्याच्याच मेलवर, होस्टिंगचं खातं त्याचं, कोडची एक प्रत त्याच्याकडे. आमच्या ओळखीतले काहीजण हे मुद्दाम स्वतःकडे ठेवतात, म्हणजे क्लायंट पळणार नाही. मला तो धंदा जमत नाही. आमचं काम आवडलं नाही तर त्यानं दुसऱ्याकडे जावं, आणि त्या दुसऱ्याला आमचा कोड उघडल्यावर शिव्या घालाव्याशा वाटू नयेत. सर्वांना येते अशी भाषा निवडण्यामागं हाही हिशेब आहे.

अलीकडे एक नवाच पाहुणा आला आहे. अडत दुकानाच्या मालकांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीत घरी आला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला सांगून सांगून दोन दिवसांत त्यानं शेतकऱ्यांसाठी एक पोर्टल उभं केलं. आपल्या गुळाला आज काय दर मिळाला, पट्टी किती झाली, उचल किती बाकी, हे फोनवर दिसेल असं. वडील ते मला दाखवायला घेऊन आले, चेहऱ्यावर थोडा अभिमान आणि थोडा 'मग तुम्हाला इतके दिवस का लागतात' असा भाव. पडदे खरंच चांगले होते, आमच्यापेक्षा चांगले. रिअॅक्टवरचं नेक्स्ट हे फ्रेमवर्क, डेटाबेस एका परदेशी सेवेच्या फुकटच्या योजनेत. मी मुलाला विचारलं, की हे नेक्स्टच का? म्हणाला, "सर, मी काही सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतःहून घेतलं."

मी दोन शेतकऱ्यांच्या नावांनी लॉगिन केलं आणि पत्त्यातला आकडा बदलून एकाला दुसऱ्याची पट्टी उघडून दाखवली. वडिलांचा चेहरा बदलला. यार्डात कुणाची उचल किती आहे ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. मुलगा मात्र खुर्ची ओढून जवळ आला आणि हे कसं झालं ते विचारायला लागला. ते मला आवडलं. त्यानं केलेले पडदे आम्ही जवळजवळ तसेच ठेवले, फक्त व्ह्यूमध्ये आणले, आणि मागे आधीपासून चालू असलेल्या लॅरावेलच्या हिशेबालाच जोडले. शेतकऱ्यांची खाती तिथं होतीच, ती दुसरीकडे पुन्हा ठेवायची गरज नव्हती. कोण काय बघू शकतो याचे नियम तो आमच्या एका मुलाबरोबर बसून लिहितोय. कॉलेज सुरू झाल्यावर पुढचं कोण बघणार, हे त्याच्या वडिलांनी अजून विचारलेलं नाही. कोटेशनमध्ये मी ते लिहिलं आहे, रकमेच्या लगेच खाली.